अस्वलिणीची विणलेली पाठ

सागाच्या एका दाट रानात, दोन टेकड्यांच्या बेचक्यातल्या कपारीत, एक अस्वलीण राहत असे. रानात अस्वले पुष्कळ होती, पण केसांचा विषय निघाला की साऱ्यांना हीच आठवायची. काळेभोर, लांब, दाट केस! मानेवर तर असे झुपकेच्या झुपके, की ती मोहोळ काढायला झाडावर चढली म्हणजे मधमाश्या तिच्या केसांतच वाट चुकून फिरत बसत आणि ही खुशाल मध चाटून खाली उतरे. वारा सुटला की ते केस फुलत आणि ती होती त्याच्या दुप्पट दिसे. हे तिला चांगले ठाऊक होते. म्हणून वारा सुटला की ती काही काम नसताना उघड्या माळावर जाऊन उभी राहायची.

तर मुलांनो, त्या हिवाळ्यात अस्वलिणीला पिल्लू झाले. पहिलेच पिल्लू, आणि तेही एकच. दोन-अडीच महिने ती त्याला कुशीत घेऊन कपारीत बसून राहिली. पिल्लाचे डोळे उघडले, पाय सावरले आणि एके दिवशी ते धडपडत आईच्या पाठीवर चढून बसले. अस्वलांची रीतच आहे ती. वाघीण आपल्या पिल्लाला तोंडात धरून नेते, माकडीण पोटाशी घेते आणि अस्वलीण पाठीवर बसवते. पिल्लाने आईचे केस दोन्ही मुठींत घट्ट धरायचे आणि आईने वारुळे उकरत, बोरीच्या जाळ्या धुंडाळत रानभर फिरायचे. आमचे हे पिल्लू तर असे हौशी, की एकदा वर चढले की उतरायचे नाव घेईना. आईने अंग झाडले तरी ते मुठी आवळून "अजून! अजून!" म्हणून ओरडे.

पळसाला फुले आली तेव्हाची गोष्ट. अस्वलीण पिल्लाला घेऊन ओढ्यावर निघाली होती. वाटेत शेजारची साळू भेटली. साळूच्या अंगावर जेवढे काटे होते त्याहून दोन-चार जास्तच तिच्या जिभेवर होते. ती अस्वलिणीच्या मागून चालत आली, मग थबकली आणि म्हणाली, "काय हो अस्वलीणबाई, पाठीला काय झालं? केस पार चपटून बसलेत. मधून कातडं दिसतंय की!"

अस्वलीण ओढ्यावर धावतच गेली. पिल्लाला खाली उतरवून तिने डोहाकाठी अंग वाकडे केले, मान वळवली आणि पाण्यात पाहिले. खरेच होते ते! पाठीवरचे केस अंगाला चिकटल्यासारखे बसले होते. आणि खांद्यांच्या मागे तर दोन जागी केस इतके विरळ झाले होते की खालची काळी कातडी उघडी पडली होती. तिने दुसऱ्या बाजूने पाहिले. तिकडूनही तेच. मग तिने डोहावर रागावून पंजा मारला, पण पाणी निवळल्यावर पुन्हा तेच दिसले.

आता तुम्ही म्हणाल, केस विरळ झाले तर झाले, रानात कोण बघतो? पण थांबा. चैत्र महिना तोंडावर आला होता, आणि चैत्रात मोहाची फुले गळू लागली की नदीपलीकडच्या टेकडीवरच्या जुन्या मोहाखाली रानातली झाडून सारी अस्वले जमत. ज्यांना नवे पिल्लू झाले आहे त्या आयांनी पिल्लू पाठीवर घेऊन यायचे आणि सगळ्यांच्या देखत मोहाला एक फेरी घालायची, असा त्यांचा शिरस्ता होता. फेरी झाली की सगळ्यांत थोरली अस्वलीण पुढे येई, पिल्लाला हुंगे आणि म्हणे, "आपलं." ती एवढेच म्हणे, पण तेवढ्याने पिल्लू रानाचे होई. मग कोणतेही अस्वल त्याला आपल्या वारुळावरून हुसकत नसे. त्या फेरीच्या वेळी सगळ्यांची नजर कुठे असणार? पिल्लावर. आणि पिल्लू कुठे असणार? आईच्या पाठीवर.

"साऱ्या रानासमोर मी ही असली पाठ घेऊन फिरू?" अस्वलीण मनाशी म्हणाली आणि तिने उपायांचा सपाटा लावला. पहिल्या दिवशी ती चिखलात लोळली. चिखल वाळल्यावर केस ताठ झाले खरे, पण तिचे रूप दगडासारखे दिसू लागले आणि एक सरडा तिच्यावर ऊन खायला येऊन बसला. दुसऱ्या दिवशी तिने सागाच्या खोडावर पाठ उलटी घासली. केस उभे राहिले! ती आनंदाने उड्या मारत कपारीकडे निघाली आणि कपारीपर्यंत पोहोचेतो ते पुन्हा आडवे झाले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितले म्हणून तिने पाठीला मध फासला. केस फुलले नाहीत ते नाहीतच, वर रानातल्या यच्चयावत मुंग्या पाहुण्या आल्या. पिल्लाची मात्र चैन झाली. ते दिवसभर आईची पाठ चाटत होते.

ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. नाव सुगरण असले तरी घरटे विणतो तो नर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर आता कळले. त्यांतला एक नर विणकामात मोठा वाकबगार होता आणि आपण वाकबगार आहोत हे तो कुणाला विसरू देत नसे. पावसाळ्याला अजून अवकाश होता, हिरवे गवत नव्हते, म्हणून घरट्याचे कामही नव्हते. त्याची चोच नुसती शिवशिवत होती.

अस्वलीण झाडाखाली येऊन उभी राहिली. "दादा," ती लाजत म्हणाली, "तुम्हाला केसांत काही विणता येईल का?"

"कुणाच्या केसांत?"

"माझ्या पाठीवरच्या. थोडे फुलून दिसले पाहिजेत. थोडे म्हणजे... पुष्कळच."

सुगरण भुर्रकन खाली आला, तिच्या पाठीवर उतरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐटीत चालत गेला. "जागा ऐसपैस आहे," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकू लागले होते. "एवढ्या मोठ्या कामाला मी कधी चोच लावली नव्हती! शिंदीची पाती बारीक चिरून घेऊ. मध्ये मध्ये सावरीचा कापूस भरू, म्हणजे फुगवटा येईल. वणव्यात जळालेलं ते खोड आहे ना, त्याच्या कोळशानं सगळं काळंभोर करू. कुणाची आई ओळखणार नाही, तुमचं कुठलं नि माझं कुठलं!"

"खरंच?"

"खरंच म्हणजे? मी विणणार आहे! पण ताई, एक आधीच सांगून ठेवतो. माझी गाठ सुटत नाही. वादळ आलं तरी नाही. पण घरटं मी टांगतो ते चांगल्या चिवट फांदीला. इथं गाठ मारायची तुमच्या केसाला, आणि तुमचा केस झालाय बारीक. उद्या गाठ राहिली आणि केसच उपटून आला, तर मला बोल लावायचा नाही."

"छे हो, बोल कशाला लावीन? दादा, उद्याच सुरू करू या! उद्या तरी कशाला, आत्ताच करू या ना!"

आणि काम सुरू झाले. काय धांदल उडाली म्हणता! सुगरण पाती चिरून आणी, चोचीने केसांत ओवी, वेटोळे घाली, गाठ मारी आणि पुन्हा शिंदीकडे पळे. त्याचे भाऊबंद फांद्यांवर ओळीने बसून सूचना करू लागले. "डावीकडं कमी झालं!" "मानेशी अजून दोन घाल!" तो कुणाचेच ऐकत नव्हता. सावरीची बोंडे नुकतीच उकलली होती. पिल्लू त्यांच्यामागे धावून धावून कापूस गोळा करी आणि त्यातला निम्मा त्याच्याच नाकाला चिकटे. दोन दिवस अस्वलीण हूं की चूं न करता पोटावर पडून होती. तिला वाळवी खायची आठवण झाली नाही की पाणी प्यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी सुगरणाने शेवटची गाठ मारली, दोन हात लांब उडून जाऊन पाहिले आणि म्हणाला, "बघा!"

अस्वलीण डोहावर गेली. तिने अंग वाकडे केले आणि मान वळवली. काय तो केसांचा डोंगर! पूर्वी होते त्याच्या दुप्पट. नाही, तिप्पट! मानेपासून कमरेपर्यंत नुसते काळे, फुगलेले, झुपकेदार केस. ती इकडून पाही, तिकडून पाही, पुन्हा इकडून पाही. मग ती डोहाभोवती नाचू लागली. पिल्लूही तिच्यामागे नाचू लागले. साळू पाणी प्यायला आली होती, ती ते रूप पाहून पाणी प्यायचेच विसरली आणि आल्या पावली परत गेली. साळूला बोलायला शब्द सापडला नाही, हे त्या रानात पहिल्यांदाच घडत होते. अस्वलिणीला आभाळ ठेंगणे झाले.

"चल बाळा, चढ!" ती पिल्लाला म्हणाली. "मोहाला निघायचं!"

पिल्लू उत्साहाने वर चढले. त्याने दोन्ही मुठींत केस धरले आणि ते जरा गोंधळले. "आई, हे सुळसुळतंय," ते म्हणाले.

"नवीन आहे ना. सवय होईल."

"याला तुझा वास येत नाही. गवताचा येतो."

"तो पण येईल. नीट बस बघू, आणि सगळ्यांकडं बघून छान हस."

ऊन वर आले होते. वाऱ्यावर मोहाचा गोड, जडसर वास येत होता. त्या वासाने अस्वलाचे काय होते ते अस्वलालाच विचारावे! अस्वलीण दुडक्या चालीने निघाली. वाटेत मोरांनी तिच्याकडे माना वळवून पाहिले. वानरांनी फांद्या हलवल्या. एक भेकर झाडीतून बाहेर आले, तिच्या बाजूबाजूने दहा पावले चालले आणि त्याने खांद्यावरच्या केसांतले एक पाते हळूच ओढून चावायला सुरुवात केली. अस्वलीण गुरगुरली तसे ते पळाले, पण पाते घेऊन पळाले. पिल्लू खदखदून हसले. अस्वलिणीला काही ते आवडले नाही. पण एवढ्याशा गोष्टीने तिचा आनंद थोडाच कमी होणार होता! एक पाते गेले तर गेले. शेकडो होती.

नदी लागली. चैत्रातली नदी, म्हणजे पाणी कमी आणि वाळू जास्त. पलीकडे उभा कडा होता आणि कड्यावरून जनावरांची अरुंद वाट वर मोहाकडे जात होती. अस्वलीण वाळूत उतरली आणि तिची सावली तिच्या पुढ्यात पडली. इतकी मोठी सावली तिने जन्मात पाहिली नव्हती. ती सावलीकडे बघतच चालू लागली. एरवी अस्वलाचे नाक म्हणजे काय वर्णावे! जमिनीत हातभर खोल असलेली वाळवी तिला वासावरून कळे. पण आज तिच्या नाकात तिच्याच पाठीवरच्या कोळशाचा आणि शिंदीचा वास भरला होता. आणि डोळे सावलीवर होते. त्यामुळे उन्हाच्या काहिलीने नदीतल्या डोहात गळ्यापर्यंत बसलेला वाघ तिला ना वासाने कळला, ना डोळ्यांना दिसला. तो पाण्यातून उठला आणि पाणी खळाळले, तेव्हा कुठे तिने वर पाहिले.

वाघ तिच्यापासून चार उड्यांवर होता. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होते आणि तो तिच्याकडे नाही, तिच्या पाठीकडे बघत होता.

"पिल्लू ठेव आणि तू जा," वाघ शांतपणे म्हणाला. "तुझ्याशी माझं काही भांडण नाही."

"घट्ट धर!" अस्वलीण ओरडली आणि तिने कड्याच्या दिशेने झेप घेतली. पिल्लाने जिवाच्या आकांताने मुठी आवळल्या. आणि तेवढ्यात खस्सकन आवाज झाला. अस्वलिणीची पाठ एकदम हलकी झाली.

ती गर्रकन वळली. पिल्लू दहा पावले मागे वाळूत उताणे पडले होते. त्याच्या दोन्ही मुठींत शिंदीच्या पात्यांचे भले मोठे झुपके होते. सुगरणाच्या गाठी जशाच्या तशा होत्या, एकही सुटली नव्हती. गाठीगाठींत अडकलेले अस्वलिणीचे दोन-दोन, चार-चार बारीक केस तेवढे, तिला न जाणवता, मुळापासून उपटून आले होते.

त्यानंतर काय झाले ते अस्वलिणीला पुढे कधी नीट सांगता आले नाही. ती पिल्लाच्या आणि वाघाच्या मधे केव्हा येऊन उभी राहिली, तिचे तिलाच कळले नाही. ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली, पुढचे पंजे पसरले आणि अशी गरजली की कड्यावरची कबुतरे उडाली. वाघ थबकला. पण तो गेला नाही. तो दोन पावले मागे सरून आरामात बसला. त्याला सारे ठाऊक होते. दोन पायांवर अस्वल किती वेळ उभे राहणार? आणि अस्वलीण निघालीच, तर एवढेसे पिल्लू तो उभा कडा आपल्या पायांनी कसे चढणार? त्याला घाई नव्हती.

"बाळा, चढ पाठीवर!" वाघावरची नजर न काढता अस्वलीण म्हणाली आणि किंचित वाकली.

पिल्लू धावत आले. त्याने एक झुपका धरला आणि वर चढू लागले. झुपका हातात आला, पिल्लू खाली. त्याने दुसरा धरला. तोही हातात आला. कापसाचे पुंजके वाळूवर उडू लागले. पिल्लू रडकुंडीला आले.

"आई, कुठं धरू?"

"माझे केस धर, राजा!"

"तुझे कुठले? सगळे सारखेच दिसतात!"

मुलांनो, अस्वलिणीच्या काळजाचे पाणी पाणी झाले. कारण तिच्या स्वतःच्या पाठीवर तिचे केस कुठले, हे तिलाही सांगता येत नव्हते. जे काम पाहून ती सकाळी डोहाभोवती नाचली होती, ते काम इतके बेमालूम झाले होते! वाघाने शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवली. अस्वलिणीचे मागचे पाय थरथरू लागले होते.

"ओढून बघ!" ती म्हणाली. "भराभर ओढून बघ!"

पिल्लाने ओढले. "हे?" अस्वलिणीला काहीच लागले नाही. "हे?" काहीच नाही. नुसताच झुपका निघून आला. पिल्लाने त्या झुपक्याच्या खाली, अगदी कातडीपर्यंत हात खुपसला आणि जे बारीक, विरळ, चपटे केस बोटांना लागले ते मुठीत धरून हिसडा दिला.

"आई गं!" अस्वलीण कळवळली. डोळ्यांत टचकन पाणी आले तिच्या. आणि दुसऱ्याच क्षणी ती आनंदाने ओरडली, "हेच! हेच माझे! सोडू नकोस, बाळा, जीव गेला तरी सोडू नकोस!"

पिल्लाने एका मुठीत ते केस धरले, शेजारचे तसलेच केस दुसऱ्या मुठीत धरले, उरलेले दातांत धरले आणि पाठीवर चढले. अस्वलिणीने वाघावर एक शेवटची गर्जना केली, खाली चार पायांवर आली आणि कड्याकडे सुसाट निघाली. वाघ उठला. पण अस्वलिणीला तोवर कड्याची वाट सापडली होती. काय चढली ती! दगड मागे सुटत होते, धोंडे वाघाच्या तोंडावर गडगडत होते. एकेका उडीला पिल्लाच्या मुठीतले केस ताणले जात होते आणि अस्वलिणीच्या पाठीत कळ उठत होती. पण ती कळ तिला इतकी गोड कधी लागली नव्हती. दुखत होते, म्हणजे पिल्लू होते. अर्ध्या कड्यावर पाय घसरला तेव्हा क्षणभर दुखायचे थांबले आणि तिचे काळीज बंद पडायचे बाकी राहिले. मग पुन्हा जोराची कळ आली. "आहेस ना रे?" ती म्हणाली. "ऊं!" पिल्लू म्हणाले. तोंडात केस होते, बोलणार कसे?

वाघ थोडा वर चढला, एक धोंडा नाकावर घेऊन थांबला आणि एवढ्या उन्हात एवढी दगदग कोण करणार, असा विचार करून डोहाकडे परत गेला.

कड्याच्या माथ्यावर अस्वलीण धापा टाकत उभी राहिली. समोर तो जुना मोह होता. खाली पिवळट फुलांचा सडा पडला होता आणि वीस-पंचवीस अस्वले मचामचा फुले खात होती. ती सारी तिच्याकडे बघू लागली. तेव्हा कुठे तिला आपल्या रूपाची आठवण झाली. निम्मी पाती कुठेतरी गळून गेली होती, निम्मी लोंबत होती. कापूस बाहेर आला होता, कोळसा घामाने ओघळला होता. आणि मधे मधे उघडी कातडी. तिला वाटले, आता मागे वळावे. पण मागे वळले तर सगळ्यांना पाठच दिसणार! ती तशीच उभी राहिली.

"आई, फेरी घाल ना," तोंडातले केस काढून पिल्लू म्हणाले. "मी हसू का सगळ्यांकडं बघून?"

आता काय म्हणणार ती? खाली मान घालून अस्वलिणीने मोहाला फेरी घातली. फेरी संपली. थोरली अस्वलीण हळूहळू पुढे आली. ती इतकी म्हातारी होती की तिच्या तोंडावरचे केस पांढरे झाले होते. तिने पिल्लाला हुंगले. मग अस्वलिणीच्या पाठीवरचे एक लोंबणारे पाते दातांनी ओढून काढले, ते जमिनीवर ठेवले आणि विचारले, "हे काय गं?"

अस्वलिणीने सगळे सांगितले. साळूपासून वाघापर्यंत काही लपवले नाही. सांगता सांगता ती रडू लागली. "आजी, माझे केस गळाले हो! मला कसला रोग झालाय कोण जाणे. मी तो झाकायला गेले, आणि माझं पिल्लू आज जात होतं."

थोरलीने तिच्या खांद्यांमागच्या त्या दोन विरळ जागा नीट पाहिल्या आणि तिला हसू आले. "अगं वेडे," ती म्हणाली, "यापूर्वी मोहाला आलीस तेव्हा तुझं लक्ष फुलांकडं. समोर बसलेल्यांची तोंडं पाहिली असशील फार तर. आता जरा पलीकडं जा आणि तुझ्याआधी ज्यांनी फेरी घातली, त्या आया मागून बघ."

अस्वलीण मोहाच्या पलीकडे गेली. तिथे सहा-सात आया ओळीने फुले खात होत्या. त्यांची पिल्ले खाली उतरून एकमेकांच्या अंगावर लोळत होती. अस्वलिणीने त्यांच्या पाठी पाहिल्या. पहिलीच्या पाठीवर, खांद्यांच्या मागे, दोन विरळ जागा. पिल्लाच्या मुठीएवढ्या. दुसरीच्या पाठीवर तशाच दोन. तिसरी जुळ्यांची आई, तिच्या पाठीवर चार. ती बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतले पाणी थांबेना, पण आता ते दुःखाचे नव्हते.

"तुझे केस गळाले नाहीत," मागून थोरली म्हणाली. "पोराच्या मुठीत गेले ते. पोर उतरलं की पुन्हा येतील. आणि पोर उतरलं की मग ते नुसतेच केस असतील."

मग तिने पिल्लाला पुन्हा एकदा हुंगले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आपलं!"

साऱ्या अस्वलांनी एकच गलका केला. अस्वलीण जमिनीवर लोळली, उरलीसुरली पाती आणि कापूस झाडून टाकला आणि त्या आयांच्या ओळीत जाऊन बसली. साऱ्या रानाकडे पाठ करून ती फुले खाऊ लागली. शेजारणीने थोडे सरकून तिला जागा दिली आणि पिल्लू धावत येऊन पुन्हा तिच्या पाठीवर चढले.

तात्पर्य : शोभेसाठी बाहेरून लावलेले कितीही भरगच्च असले तरी संकटात ते हातात निघून येते, जे ओढले की आपल्याला दुखते तेच आपले, आणि ते थोडे असले तरी आपल्या माणसाला धरायला पुरते.